पाहुण्या कुंड्या

आमच्या मंगळवार पेठेत कोण काय करतं हे ठरवायची रीत सोपी आहे. सकाळी नऊ-साडेनऊला जो डबा घेऊन गल्लीबाहेर पडतो, तो काहीतरी करतो. जो पडत नाही, तो घरी असतो. मी कॉमिक्स काढते. म्हणजे कागदावर चौकटी आखते, चौकटीत माणसं बसवते, त्यांच्या डोक्यावर फुगे काढते आणि फुग्यांत त्यांचं बोलणं लिहिते. हा सगळा कारभार मागच्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलावर चालतो. तेव्हा गल्लीच्या हिशेबी मी घरी असते.

त्यात मला झाडांचा नाद. सकाळी सहाला मी गच्चीवर पाइप घेऊन उभी दिसते आणि संध्याकाळी खुरपं घेऊन बसलेली दिसते. मधल्या वेळात मी टेबलाशी मान मोडून बसते ते कुणाला दिसत नाही, कारण ती खिडकी बोळात उघडते आणि बोळात फक्त मांजरं असतात. गल्लीनं यावरून काढलेला निष्कर्ष असा, की ही बाई दिवसभर झाडांना पाणी घालते आणि उरलेल्या वेळात चित्रं रंगवते. नवरा बँकेत आहे म्हणून चाललंय सगळं.

सुरुवातीला मी समजावून सांगायचे. "कॉमिक्स काढते."

"म्हंजे पत्रिकेवर गणपती काढतासा?"

"नाही हो. गोष्ट असते. चित्रातून सांगायची."

"मग आमच्या सुनंच्या डोहाळजेवणाला चंद्र काढून द्या की. झोपाळ्याच्या मागं लावाय."

चंद्र दिला काढून. त्याला डोळे काढले म्हणून परत आला. त्यानंतर तालमीची पोरं आली. "वैनी, टीमचा लोगो पायजे. वाघ. पण फुटबॉल मारताना. संध्याकाळी मॅच हाय, पाच मिन्टाचं काम तुमचं." वाघानं एका पायानं बॉल मारायचा तर उरलेल्या तीन पायांचं काय करायचं, हा प्रश्न पाच मिनिटांत सुटत नाही. त्याला दोन पायांवर उभा करावा तर तो वाघाच्या कातड्यातला बँक मॅनेजर दिसतो. पोरांना मात्र तो लई आवडला. तोच अजून त्यांच्या टी-शर्टावर आहे, आणि माझा नवरा त्या टी-शर्टाकडं बघायचं टाळतो.

बरं, हे मी कुठल्या आडगावात सोसत असते तर गोष्ट वेगळी. हे कोल्हापूर, म्हणजे कलापूर. रंकाळ्याच्या काठी आबालाल रहिमान चित्रं काढत बसायचे. बाबूराव पेंटरांनी नाटकाचे पडदे रंगवता रंगवता गावातच सिनेमाचा कॅमेरा तयार केला. इथल्या रिक्षासुद्धा नटूनथटून फिरतात. चित्रकाराला इथं मान आहे, फक्त तो चित्रकार मेलेला असावा किंवा निदान त्यानं नोकरी करावी. माझे मामा हे दुसरं फार प्रेमानं सांगतात. "वसंत सरवटे आपल्या कोल्हापूरचे. १९२७ चा जन्म. केवढा मोठा व्यंगचित्रकार! पण इंजिनिअर होते बाळ, इंजिनिअर. नोकरी सांभाळून काढली चित्रं." यावर माझ्याकडं आजतागायत उत्तर नाही. मी चहा टाकायला आत जाते.

माझं नेहमीचं काम म्हणजे मुलांच्या एका पुरवणीचं अर्धं पान. आठ चौकटी. त्यात एक पैलवान आणि त्याची म्हैस. पैलवानाला मिशी आहे आणि म्हशीला अक्कल. म्हैस त्याला रोज गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर घेऊन जाते, गिऱ्हाइकासमोर धार निघते, तेवढ्यात पैलवान कुठल्यातरी भानगडीत सापडतो आणि म्हैस त्याला सोडवते. झाली गोष्ट. वाचायला पाऊण मिनिट लागतं. आधी गोष्ट लिहायची, मग अंगठ्याएवढ्या चौकटींत आराखडा मांडायचा, मग जाड कागदावर पेन्सिल, मग टाकानं शाई, मग खोडरबर, मग स्कॅन, मग संगणकावर रंग. आणि फुगे. देवनागरी फुग्यात मावत नाही. इंग्रजीवाल्यांचं बरं असतं, एकाखाली एक ओळ चिकटवली की झालं. आपल्याकडं वरच्या ओळीचे उकार खाली लोंबतात, खालच्या ओळीच्या वेलांट्या वर जातात आणि मधल्या हवेत दोघांची मारामारी होते. "मूर्खा, दूध सांडलं!" एवढ्या तीन शब्दांना मी पैलवानाचं अर्धं डोकं खर्ची घालते. त्यामुळं माझा पैलवान कमी बोलतो. म्हैस तर बोलतच नाही, ती नुसती बघते, आणि ते बघणं काढायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

एवढं झाल्यावर मान आखडते, डोळ्यांपुढं बारीक बारीक रेघा तरंगायला लागतात. तेव्हा मी गच्चीवर जाते. तिथं सरळ रेघ नावाची गोष्ट नाही. तेलाच्या डब्यांत मिरच्या, रंगाच्या बादल्यांत टोमॅटो, फुटक्या टाकीत दोडक्याचा वेल, आणि एक कढीपत्ता, जो गल्लीतल्या प्रत्येक फोडणीला लागतो आणि त्यासाठी मला कुणी विचारत नाही. माती झाकायला मी कोपऱ्यावरच्या रसवंतीतून उसाची चिपाडं पोतं भरून आणते. ओल टिकते, तण येत नाही, वर्षभरात कुजून त्याचं खत होतं. फक्त ती आधी चांगली वाळवावी लागतात. नाहीतर तालुक्यातल्या समस्त मुंग्या रसाच्या वासानं आपल्या गच्चीवर मुक्कामाला येतात आणि चिपाडं संपली की जिना उतरून साखरेच्या डब्याकडं निघतात.

तर अशी माझी बाग आणि असं माझं काम. दोन्ही आपापल्या जागी ठीक चाललेलं असतं. मग मे महिना येतो.

मे महिन्यात गल्ली गावाला जाते. कुणी काश्मीरला, कुणी कोकणात, कुणी लेकीकडं. जाताना गॅसचा कॉक बंद करतात, दुधाचा रतीब बंद करतात, पेपर बंद करतात. झाडं बंद करता येत नाहीत. मग ती माझ्या दारात येतात.

पहिल्या आल्या समोरच्या काकू. त्यांच्या मागं त्यांचा नातू, दोन्ही हातांत कुंड्या.

"तुमी घरीच असतासा न्हवं?"

या वाक्याला 'नाही' म्हणायची सोय नाही. मी घरातच, त्यांच्या समोर, गाउनवर, हातात टाक घेऊन उभी होते.

"मी उद्याच्या हरिप्रियानं तिरुपतीला जातो. तिथनं बेंगळूरला लेकीकडं. म्हैनाभर ऱ्हातो आता. ही जास्वंद, हा अळू आणि हे ब्रह्मकमळ. काय सुदीक करायचं न्हाई. अळूला रोज दोन तांबे पाणी. अळूला पाणी कमी पडलं तर घसा धरतोय बगा."

घसा अळूचा धरत नाही, तो खाणाऱ्याचा धरतो, तोही पाण्यामुळं नव्हे. पण काकू वयानं मोठ्या.

"आणि ब्रह्मकमळाला कळी हाय. एकच हाय. रात्री फुलतंय आणि सकाळपातूर मान टाकतंय. फुललं की मला व्हिडिओ कॉल करा. कितीबी वाजू देत."

आता ज्याला आपण घरोघरी ब्रह्मकमळ म्हणतो, ते निवडुंगाच्या कुळातलं, मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं झाड. खरं ब्रह्मकमळ हिमालयात उंचावर उगवतं, उत्तराखंडाचं राज्यफूल आहे ते, आणि कोल्हापूरच्या मे महिन्यात ते एक दुपार काढणार नाही. हे मला माहीत आहे. पण काकू दर वर्षी ते फूल महादेवाला वाहतात, गल्लीला साखर वाटतात. त्यांना मेक्सिको सांगायची माझी छाती नाही. महादेवाची काही तक्रार नसेल तर मी मध्ये पडणारी कोण?

काकूंच्या मागोमाग वरच्या मजल्यावरचे सर आले. सर गणित शिकवून निवृत्त झाले आहेत. ते काश्मीरला निघाले होते आणि त्यांच्या कुंड्यांना नंबर होते. सोबत टाइप केलेला कागद. कुंडी क्रमांक १, अडेनियम, दर पाचव्या दिवशी १५० मिली. कुंडी क्रमांक २, शेवंती, रोज २५० मिली, सकाळी सातच्या आत. शेवटच्या रकान्यात माझी सही. "विश्वास नाही असं नाही हो ताई," सर म्हणाले, "पण नोंद असलेली बरी." मोजायला त्यांनी खोकल्याच्या औषधाचं झाकण दिलं. १० मिलीचं. २५० मिली म्हणजे पंचवीस झाकणं. मी सरांना नमस्कार केला आणि ते जिना चढून गेल्यावर झाकण शाई ओतायला घेतलं. फार उपयोगी पडतं.

मग कोपऱ्यावरच्या कॉलेजवाल्या पोरीनं कपाएवढा निवडुंग आणून दिला. त्याला नाव होतं आणि त्याच्याशी रोज बोलायचं होतं. गल्लीच्या तोंडाशी शिलाई मशीन असलेल्या मावशींनी तुळस दिली आणि बजावलं, की शनिवारी हिचं पान तोडू नका. एका घरानं तर आदल्या रात्री उशिरा, बेल न वाजवता, दारात गुलाब ठेवला. सकाळी दार उघडलं तर उंबऱ्यावर कुंडी आणि त्यात खोचलेली चिठ्ठी: "घरी आहात ना?"

नवरा संध्याकाळी आला आणि जिन्यातच थांबला. "बाग वाढवलीस?"

"आपली नाही ही."

"मग पाणी कुणाचं?"

बँकेतली माणसं बरोबर तिथंच बोट ठेवतात. मे महिन्यात नळाचं पाणी येतं ते रडतकढत. आधी प्यायचं, मग वापरायचं, मग माझी झाडं, मग पाहुणे. तांदूळ धुतलेलं पाणी गुलाबाला, भाज्या धुतलेलं शेवंतीला. कपड्यांचं शेवटचं पाणी अंगणात मारायची गल्लीची जुनी सवय, ती मी आमच्या घरापुरती मोडून काढली. एकदा नवरा दाढीचं पाणी मग्यात धरून बाहेर आला आणि गंभीरपणे विचारता झाला, "हे कुणाला?"

झाडं पाण्यावाचून मरतात हा लोकांचा गैरसमज आहे. कुंडीतली झाडं बहुतेक करून पाण्यानंच मरतात, मुळं कुजून. त्याची साधी परीक्षा आहे. बोट दोन पेरं मातीत खुपसायचं. आत ओल लागली तर मुकाट्यानं मागं फिरायचं. माझी बोटं दिवसभर शाईनं काळी आणि सकाळ-संध्याकाळ मातीनं तांबडी. त्या महिन्यात एका हळदीकुंकवाला गेले, तर हातात वाण देणाऱ्या बाईंनी ते जरा लांबून दिलं.

पण खरा ताप फोनचा. काकूंचा बेंगळुरूहून रोज मेसेज: "जास्वंदीचा फोटू पाठवा." जास्वंद जागा बदलली की रुसते. ऊन वेगळं, वारा वेगळा, तिनं पानं पिवळी करून टाकायला सुरुवात केली. उजवीकडून ती अगदी ठणठणीत दिसायची, डावीकडून नुसत्या काड्या. काकूंना मी महिनाभर उजवीकडून फोटो पाठवले. काय चौकटीत घ्यायचं आणि काय चौकटीबाहेर ठेवायचं, यावर तर माझं पोट चालतं. काकू तिकडून अंगठे पाठवायच्या. सर श्रीनगरहून विचारायचे, "क्रमांक २ ला आज किती?" मी लिहायचे, "२५०." पुढं मिली लिहिलं नाही तर सरांचं प्रश्नचिन्ह यायचं.

आणि ती कळी. काकू गेल्या तेव्हा बोराएवढी होती. मग देठ लांबला, खाली झुकला आणि टोकाशी पुन्हा वर वळला. कळी फुगत चालली. हे फूल कधी उमलणार याचा अंदाज असतो, तारीख नसते. माझ्या पानाला मात्र तारीख असते. गुरुवारी दुपारी बारा. बाराला पान पोचलं नाही, तर संपादक ओरडत नाहीत, ते नुसतं "बरं" म्हणतात. ते ओरडले असते तर बरं झालं असतं, असं वाटायला लावणारं ते "बरं" असतं.

बुधवारी दुपारी चारला ज्योतिबाच्या बाजूनं काळं भरून आलं. मी पाचव्या चौकटीत होते. म्हशीनं पैलवानाला उसाच्या ट्रॉलीखालून ओढून काढलंय आणि पैलवानाचं तोंड पहिल्यांदाच पुरतं, समोरून दिसतंय, अशी ती चौकट. पानभर त्याची मिशी एवढी मोठी दुसरीकडं कुठंच नव्हती. केस न् केस टाकानं ओढला होता. शाई ओलीच होती. तेवढ्यात पत्र्यावर पहिली गार पडली.

वळीव. आमच्याकडचा वळीव विचारून येत नाही. धूळ, वारा, पत्र्यांचा ताशा, आणि मग लिंबाएवढ्या गारा. माझ्या मिरच्या-टोमॅटोंवर मी मनातल्या मनात पाणी सोडलं. पण पाहुण्यांना कसं सोडणार? त्यांच्यापायी मी सह्या केलेल्या होत्या. डोक्यावर घमेलं पालथं धरून मी एकेक कुंडी खाली आणायला लागले. नवरा बँकेतून भिजत आला, तो बुटांसकट जिना चढला. तासाभरात मागच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. जास्वंद कपाटाला टेकली, सरांचे सगळे क्रमांक उलटसुलट झाले, तुळस खिडकीत, अळू टेबलाला खेटून, आणि ब्रह्मकमळ माझ्या खुर्चीवर. मग लाईट गेली.

आठच्या सुमारास नवरा म्हणाला, "अगं, वास कसला येतोय?"

मेणबत्ती धरली. कळीचं टोक सुटलं होतं. हे फूल उमलताना खरंच दिसतं, यात कवीपणा नाही. बाहेरच्या लालसर, अरुंद पाकळ्या आधी मागं वळतात, मग आतला पांढरा पेला हळूहळू रुंदावतो, मध्येच एखादी पाकळी अडकते आणि झटक्यानं सुटते, तेव्हा अख्खं फूल देठावर थरथरतं. आत केसराची झालर आणि मधोमध एक चांदणी. बघत बसावं असं. पण आम्हांला बसायला खुर्ची नव्हती, आणि शब्द दिलेला होता.

"काकू, फुलतंय!"

"आगं बया! थांबा, लेकीला बोलवतो. जावयालाबी बोलवतो. आवं, काळोखच दिसाय लागलाय."

"लाईट गेलीय काकू."

"मग टॉर्च मारा की."

नवऱ्यानं टॉर्च मारला. फुलावर मारला तर फूल पांढरंफटक पडायचं, बाजूनं मारला तर भिंतीवर सावली, आणि काकूंच्या जावयाला ती सावलीच जास्त आवडली. मग हळदकुंकू वाहायला लावलं. साखर ठेवायला लावली. तिकडं आरती सुरू झाली, इकडं आम्ही टाळ्या वाजवल्या. नवऱ्याच्या दोन्ही हातांत टॉर्च आणि फोन, त्यामुळं त्यानं मान हलवली. मधेच बेंगळुरूच्या शेजारणीही बघून गेल्या, त्या कन्नडमध्ये काहीतरी म्हणाल्या, ते काकूंनी "लई भारी म्हणत्यात" असं एका दमात मराठीत आणलं. बॅटरी संपेपर्यंत दर्शन चाललं. लाईट काही आली नाही. उरलेल्या तीन चौकटी पहाटे उठून पुऱ्या करू म्हणून मी आडवी झाले. पान टेबलावर, तसंच.

पहाटे उजाडता उजाडता उठले. फूल लोंबत होतं, त्याचं काम झालं होतं. टेबलाकडं गेले आणि आधी वाटलं, कागदावर कुणी डिंक सांडलाय. अळूच्या कुंडीच्या काठावरून एक चकचकीत पट्टा निघाला होता. तो टेबलावर चढला, पहिल्या चौकटीत शिरला, तिसऱ्या चौकटीत म्हशीच्या पाठीवरून गेला, चौथ्यातल्या फुग्याला त्यानं वळसा घातला आणि पाचव्या चौकटीत येऊन थांबला. तिथं पैलवानाच्या नाकाखाली भोक होतं. उजवी मिशी शाबूत. डाव्या मिशीच्या जागी टेबलाचं सनमाइका दिसत होतं. भोकाची कड बारीक दातेरी. आणि भोकापलीकडं, कागदाच्या काठाशी, मुठीएवढी तपकिरी पट्ट्यांची गोगलगाय शिंगं काढून निवांत बसलेली. तिच्या मागं काळसर दोरीचा एक छोटासा तुकडा पडला होता. ती काय होती हे लक्षात यायला मला थोडा वेळ लागला. मिशीच होती ती, दुसऱ्या बाजूनं बाहेर पडलेली.

गोगलगाय कागद खाते. तिच्या जिभेवर हजारो सूक्ष्म दात असतात, कानशीसारखी ती घासत जाते, आणि दमट कागद तिला पाल्याइतकाच चालतो. उन्हाळ्यात ती मातीत शिरते, शंखाच्या तोंडावर पांढरा पापुद्रा चढवते आणि पावसाची वाट बघत झोपून राहते. ही अळूच्या कुंडीत झोपली होती. निवांत जूनपर्यंत झोपली असती. पण अळूला रोज दोन तांबे पाणी घालायचा हुकूम होता, आणि त्यावर वळीव. तिला वाटलं, मृग लागला.

नवरा मिठाचा डबा घेऊन धावत आला. मी म्हटलं, थांब, पुरावा आहे. गोगलगाय झाकणाच्या डब्यात घातली. मग दोघं पानासमोर उभे राहिलो.

"एक कर," नवरा म्हणाला. "सगळ्याच चौकटींत त्याची मिशी काढून टाक. नवीन लूक."

"कोल्हापूरच्या पैलवानाची मिशी काढू?"

त्यालाही ते पटलं. आपल्याला याच पेठेत राहायचं आहे. शेवटी भोकामागं कागदाचा तुकडा चिकटवला, वर पुन्हा मिशी काढली, उरलेल्या तीन चौकटी घड्याळाकडं न बघता ओढल्या. लाईट साडेदहाला आली. रंग भरून पान बाराला पाच कमी असताना गेलं. संपादकांचं उत्तर आलं: "छान." पुढच्या आठवड्यात मात्र एका तिसरीतल्या वाचकाचं पत्र आलं, की पैलवानकाकांची डावी मिशी उजवीपेक्षा मोठी का आहे. मुलं हलकट असतात. मोठी माणसं चित्र बघत नाहीत, मुलं मोजतात.

जून उजाडला तशी गल्ली परतली. काकू आल्या त्या प्रसादाचा लाडू घेऊन. जास्वंदीभोवती त्यांनी डावीकडून फेरी मारली आणि गप्प राहिल्या. ते गप्प राहणं मला बोलण्यापेक्षा जड गेलं, म्हणून मी घाईघाईनं डबा पुढं केला.

"काकू, ही तुमच्या अळूत निघाली."

काकूंनी डब्यात बघितलं. गोगलगायीनं काकूंकडं बघितलं.

"आमच्या अळूत? शक्य न्हाई. आमच्यात असलं काय नसतंय. तुमच्यातलीच असंल."

तेवढ्यात सर खाली आले. त्यांनी कागदावरची सगळी सह्यांची घरं तपासली, दोन दिवशी एकाच शाईनं सह्या दिसतात असं मत नोंदवलं, आणि गोगलगायीबद्दल विचारल्यावर चष्मा पुसला. "माझ्या यादीत हिला क्रमांक नाही." तुळशीवाल्या मावशींनी तर हातच जोडले. म्हणजे ज्या गल्लीत कढीपत्ता सगळ्यांचा, त्याच गल्लीत गोगलगाय कुणाचीच नव्हती. रात्री नवऱ्यानं मिठाच्या पाण्यानं तो खटला निकालात काढला. मी तेव्हा गच्चीवर गेले होते.

मला खरी अपेक्षा अशी होती, की मालक आले, आता कुंड्या जातील. काकूंनी अळूची पानं तेवढी खुडून नेली. दुसऱ्या दिवशी वड्या पाठवल्या, खमंग होत्या, खोटं कशाला बोला. ब्रह्मकमळाचं एक पान मला बक्षीस म्हणून मिळालं, मातीत खोचा म्हणाल्या, दोन-तीन वर्षांत फुलतंय. आणि मूळ कुंडीचं?

"ऱ्हाऊ दे की इथंच. तुमच्यात मानवलंय त्याला. आमच्यात ऊन कुटं एवढं?"

सरांचा विचार थोडा शास्त्रीय होता. तुलनात्मक नोंदींसाठी क्रमांक २ इथं आणि क्रमांक १ वर असं त्यांनी ठरवलं, ते मला न विचारता. कॉलेजवाली पोर हॉस्टेलला गेली आणि निवडुंगाचं तिला आठवलंच नाही. उंबऱ्यावरच्या गुलाबाचा मालक अजून पुढं आलेला नाही. मला संशय आहे त्याचा, पण पुरावा नाही.

आता पाऊस लागलाय आणि माझा खरा हंगाम सुरू झालाय. १९०९ साली 'मनोरंजन' मासिकानं दिवाळी अंकाची प्रथा पाडली, तेव्हापासून मराठी चित्रकाराची दिवाळी पावसात असते. बाहेर संततधार, घरात कपडे वाळत नाहीत, आणि आपण आकाशकंदील काढत बसायचे. शाई वाळायला अर्धा दिवस घेते. टेबल मी मागच्या खोलीतून स्वयंपाकघरात हलवलंय, कारण मागची खोली भरलीय. शाईची बाटली मसाल्याच्या डब्याशेजारी असते. चौकटीत पार्श्वभूमी काढायची म्हणून मान वर केली, की समोर जे दिसतं तेच हातातून उतरतं. जास्वंद, शेवंती, अळू. पानं काढायला फार वेळ लागतो, शिरा असतात.

परवा संपादकांचा फोन आला होता. पान चांगलं झालंय म्हणाले. मग जरा थांबून विचारलं, "पैलवानाच्या मागं हल्ली एवढी झाडं का असतात?"

म्हटलं, "ती माझी नाहीत."